डब्यातला सहावा नट

मी आजवर पाहिलेला सगळ्यात भित्रा माणूस ट्रकचा मिस्त्री होता.

नांदेडहून लातूरकडं निघालं की गाव सरल्यावर डाव्या हाताला एक लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली त्याचं दुकान. दुकान म्हंजे काय, एक लोखंडी पेटी, एक बाज अन् दगडं. दगडंच जास्त. गाडी आली की हा माणूस इंजनाकडं बघायचा न्हाई, ड्रायव्हरकडं बी न्हाई. आधी एक एक दगड उचलून चाकाला लावायचा. जागा अशी सपाट की बशीत पाणी ठेवलं तर सांडणार न्हाई. तरी सहा चाकाला सहा दगड. मग गाडीवर हात ठेवून म्हणायचा, "बस आता." म्हशीला म्हणल्यावानी.

आम्ही त्याला अप्पा म्हणायचो. निलंग्याकडचा माणूस, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलण्यात मधूनच कानडी. ड्रायव्हर लोक माघारी त्याला भेकड अप्पा म्हणायचे. त्याला ते माहीत होतं. म्हणायचा, "म्हणू द्या. भेकडाच्या हातची गाडी अजून कुणाच्या अंगावर गेली न्हाई."

गाडीखाली शिरायचं असलं की जॅक लावायचा, जॅकच्या बाजूला लाकडाचे ठोकळे लावायचा, अन् मग ड्रायव्हरला म्हणायचा, चल, तू बी माझ्या बाजूला झोप. ड्रायव्हर म्हणायचा, मी कामून? अप्पा म्हणायचा, झोप तर खरा. अन् निम्मे ड्रायव्हर खाली वाकता वाकता थांबायचे, म्हणायचे, "थांबा अप्पा, हँडब्रेक वढलाय का बघून येतो." त्यात मी बी होतो. खोटं कामून बोलू, मी दोनदा होतो.

स्लॅबच्या घरात तो बसायचा न्हाई. चहाला बोलावलं तर कप घेऊन बाहेर अंगणात. पायात कधी चपला न्हाईत. उन्हाळ्यात नांदेडचं डांबर पाघळतं, तरी अनवाणी. मी एकदा चेष्टेत म्हणलं, अप्पा, चपला तरी घ्या, का चपलेचंबी भ्या वाटतं? तेव्हा त्यानं सांगितलं. एकदाच सांगितलं. म्हणला, "जमीन आधी पायाला सांगती, मग कानाला. भूकंपाच्या पहाटं मी पाणी प्यायला उठलो होतो, अनवाणी. पायाला कळलं. घरच्यांना हाका मारल्या. कुणी उठलं न्हाई. त्यांना वाटलं, हा तर रोजच भितो."

मी हरेक गोष्टीवर काही ना काही बोलतोच. त्या दिवशी नुसत्या माझ्या चपला काढून बाजेखाली सरकवल्या.

आता माझं सांगतो. मी शाळेत दुसरी नापास. नापास म्हणणंबी जास्त झालं, परीक्षेला गेलोच न्हवतो. गाडी चालवतो ती माझ्या मेव्हण्याची. बायकोचा थोरला भाऊ. हदगावला त्याचं खताबियाण्याचं दुकान हाय, अन् ही एक सहाचाकी जुनी गाडी. हदगावचं सोयाबीन लातूरच्या तेलमिलला न्यायचं, ही माझी ड्यूटी. लिटरला पाच किलोमीटर देणारी गाडी. पाच म्हंजे पाच, कधी कमी न्हाई.

मग मी मोबाईल घेतला. वाचता येत न्हाई तर काय झालं, व्हिडिओ बघायला वाचावं लागत न्हाई. कोण कुठले पोरं गाडी खोलून दाखवतेत, मी जेवताना बघून राहिलो, झोपताना बघून राहिलो. महिन्याभरात मला वाटाय लागलं की मी मिस्त्री झालो. पहिल्यांदा हवेचा फिल्टर खोलून रॉकेलनं धुतला, अन् वाळायच्या आत बसवला. मग डिझेलच्या पायपातनं पाझरत होतं, तिथं अंगाचा साबण लावून वर दोरा गुंडाळला. गाडीला मोगऱ्याचा वास येऊ लागला. मग इंजनाला डिझेल सोडणाऱ्या पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. त्या व्हिडिओतला पोरगा मोबाईल उलटा धरून, आरशात दिसतं तसं शूटिंग करत होता. त्याचं डावं ते खरं उजवं होतं. हे मला माझ्या बारक्या पोरीनं नंतर सांगितलं. तवर मी फिरवून बसलो होतो. चौथं, गाडी धक्के लई देती म्हणून टायरातली हवा कमी केली. कमरेला आराम पडला. गाडी मात्र शेणात चालल्यावानी चालू लागली.

पाचाचं चार झालं.

मेव्हण्यानं पंपाच्या चिठ्ठ्या बघितल्या अन् मला विचारलं, "दाजी, डिझेल काय तुम्ही पिता का?"

हसत विचारलं. पण आमच्याकडं मेव्हणा दाजीला हसत विचारतो तेव्हाच घाबरायचं असतं. गाडीला डिझेल जास्त लागलं म्हंजे ड्रायव्हरनं रस्त्यात काढून विकलं, ही दुनियेची समजूत हाय. घरी आलो तर बायकोनं जेवायला वाढलं अन् पुढ्यात बसली. म्हणली, "तुम्ही चोर हायत का येडे हायत, एकदाच सांगा. येडे असाल तर मला माहीतच हाय, त्याचं काही न्हाई. चोर असाल तर मला माझ्या भावाच्या दारात उभं राहता येणार न्हाई."

मी म्हणलं, चोर न्हाई. पण येडा हाय हे बी तोंडातून निघंना. भाकर तशीच ताटात राहिली.

एका रविवारी मेव्हणा म्हणला, आणा चावी, मीच चालवून बघतो. हदगाव ते नांदेड जाऊन आला. चावी माझ्या हातात ठेवली. मला काहीच म्हणला न्हाई. मी म्हणलं, चला, सुटलो. पुढच्या खेपेला लातूरला जाऊन आलो, पंपावर हिशेब केला, तर तीन. मी काहीच केलं नव्हतं त्या हप्त्यात. मोबाईलबी बघितला नव्हता. तरी तीन.

मेव्हण्याला जाऊन सांगितलं, तीन बसलं. त्याचं तोंड पांढरं पडलं. हात पुढं केला अन् म्हणला, "चावी द्या."

"भाऊ, मी एक पळीभर बी विकलं न्हाई."

"मी काय म्हणलो? चावी द्या, दाजी. आत्ता द्या."

आता भरलेली गाडी दारात उभी, दहा टन सोयाबीन. चावी दिली म्हंजे चोर ठरलो, सगळ्या सोयऱ्यात झालं. मी म्हणलं, फक्त ही खेप, नांदेडला अप्पाला दाखवतो, काय ते कळंल. तो काही बोलायच्या आत गाडी चालू केली अन् निघालो. तो मागं पळत आला. आरशात दिसला, हात वर करून वरडत होता. मला वाटलं, चोर म्हणूनच वरडून राहिला. अजून जोरात दाबली.

गावाबाहेर पडलो तसा फोन सुरू झाला. मेव्हणा. घेतला न्हाई. पुन्हा वाजला, पुन्हा न्हाई घेतला. नांदेडपर्यंत तो फोन खिशात धडधडत होता अन् त्याच्या मागं माझं काळीज. त्यात गाडी डावीकडं वढत होती. मी मनाला म्हणलं, रस्ताच डावीकडं उतरता असंल.

अप्पाच्या झाडाखाली आलो. सहा दगड लागले. अप्पानं माझं ऐकून घेतलं, अन् पेटीतून एक पत्र्याचा डबा काढला, डालड्याचा जुना, अन् मूठभर नट. ही त्याची रीत होती. जो ड्रायव्हर स्वतः रिपेरी करून येईल त्याच्यापुढं तो डबा ठेवायचा. "जिथं जिथं हात लावला, तिथला एक एक नट टाक. एकाएकाचं नाव घेऊन टाक."

मी टाकले. फिल्टर, टण. साबण, टण. स्क्रू, टण. हवा, टण. चार.

अप्पानं डब्यात बघितलं. म्हणला, "अजून एक."

मी म्हणलं, न्हाई अप्पा, चारच.

"ह्या चारांनी पाचाचं चार व्हईल. तीन व्हत न्हाई. अजून एक."

होता. पाचवा होता. टायरातली हवा कमी केली त्याच दिवशी मागच्या दोन्ही चाकांचा ब्रेक बी मी आवळला होता. चाकामागं एक नट असतो, तो फिरवला की ब्रेक चाकाच्या जवळ येतो. किती फिरवायचा ते त्या व्हिडिओत होतं, पण नेमका तेव्हाच नेट गेलं. मी म्हणलं, जास्त झाला तर काय, जास्त ब्रेक म्हंजे जास्त सेफ. पण हे अप्पाला सांगायचं कसं? अप्पा ब्रेकला हात लावणाऱ्याला झाडाखाली उभा करायचा न्हाई. एका ड्रायव्हरला त्यानं दगड काढून घेऊन हाकलून दिलेलं मी बघितलं होतं. अन् अप्पानं हाकललं तर मला चोर न्हाई म्हणणारं दुनियेत कुणीच उरत नव्हतं.

मी म्हणलं, "पोरीची आण, चारच."

 अप्पानं पेटीला कुलूप लावलं, डबा बगलेत घेतला अन् म्हणला, "चल. मी बसतो गाडीत."

माझ्या बाजूला बसला, अनवाणी पाय पत्र्यावर सपाट ठेवून, डोळे मिटून. गाडीचं काही बिघडलं की तो असंच ऐकायचा, तळपायानं. मी हळूच विचारलं, काय म्हणती? म्हणला, बोलू नको. पाच-सात किलोमीटर गेल्यावर सपाट रस्त्यावर म्हणला, "न्यूटल कर. पाय काढ." केलं. भरलेली गाडी न्यूटल केली की कशी पळत राहती, थांबता थांबत न्हाई. ही दोन खांब गेली अन् बसली. बैल चिखलात बसतो तशी.

अप्पानं डोळे उघडले. "हिला कुणीतरी धरून ठेवलंय. तू डिझेल जाळून वढू राहिलास. इथंच उभी कर."

मी म्हणलं, अप्पा, मोठी गाडी, इथं कुठं उभी करता, पुढं उतार संपला की धाबा हाय, तिथं सावलीत बघू. तो पुन्हा म्हणला, इथंच. मी तवर गिअर टाकला होता. उभी केली असती तर चाकाला हात लावून त्याला कळलं असतं, हेच मला नको होतं. न टाकलेला पाचवा नट जणू तोंडात धरलाय असा गरम लागत होता.

उतार लागला.

अर्ध्यात ब्रेक दाबला. गाडी हळू व्हायला पाहिजे. झाली न्हाई. पुन्हा दाबला, पाय खाली गेला, गाडी तशीच. डाव्या आरशात बघितलं तर पुढच्या चाकातून पांढरा धूर. जळक्या रबराचा, करपल्या केसाचा वास आत आला. पुढं वळण, वळणाच्या आधी एक जीप, मागच्या दारात माणसं लटकलेली. अन् खिशात फोन वाजायला लागला.

मी देवाचं नाव घेतलं असतं, पण एकाचंबी आठवंना. तोंडातून नुसता आवाज निघत होता, शेळीवानी.

अन् हा भेकड माणूस, जो सपाट जागेवर सहा दगड लावतो, तो माझ्या कानाजवळ हळू बोलू लागला. "निधान. निधान." निधान म्हंजे हळू, त्याच्याकडचं कानडी. "ब्रेकवर पाय नको. पाय काढ. तिसऱ्यावर घे. रेस दे, मग घे. हां. हार्न सोडू नको. आता दुसरा." दुसरा पडंना, दात खरखरले. "घाबर, पण हात चालू ठेव. पुन्हा दे." पडला. इंजन असं बोंबललं की मला वाटलं बोनेट फुटून बाहेर येतंय. जीपवाल्यानं हार्न ऐकून जीप कडंला घातली, आमचा आरसा अन् त्याच्या दारातल्या माणसाचा खांदा ह्यात वीतभर जागा राहिली. त्या माणसाचे डोळे मला अजून दिसतेत. वळण निघालं. पुढं चढ होता. चढावर गाडी हळू झाली, मुरमाच्या कडंला चाक रुतलं अन् थांबली.

मी उडी मारली, पाण्याचा कॅन घेतला अन् धुरावर वतायला धावलो. अप्पानं वरूनच सांगितलं, "पाणी नको. ब्रेकचा ड्रम तडकंल." मग मी बघितलं, तो खाली उतरंना. दोन्ही तळपाय पत्र्याला दाबून धरले होते, गाडी हलती का बघत. मला म्हणला, "आधी दगड लाव. सगळ्या चाकाला." मी लावले.  सहा लावले, तेव्हा तो उतरला.

दोघं कडंला बसलो. मग मी त्याच्या बगलेतला डबा वढला, खिशात राहिलेला एक नट टाकला अन् म्हणलं, "मागचे दोन्ही ब्रेक. मी आवळले."

मला वाटलं थोबाडीत मारंल. मारलं न्हाई. उठला, अन् एकेका चाकाजवळ जाऊन लांबूनच तळहात धरला, शेकोटीला धरतो तसा. मागचं डावं गरम. मागचं उजवं गरम. पुढचं उजवं गार, त्याला हात लावून बघितला. पुढचं डावं असं तापलेलं की हात जवळ जाईना. आवळलेला ब्रेक घासून घासून तापतो, अन् तापलेला ब्रेक धरत न्हाई. मग माझ्याकडं वळला.

"अजून एक."

मी रडकुंडीला आलो. म्हणलं, अप्पा, आता खरंच न्हाई. पुढच्याला मी हातच लावला न्हाई. आता कुणाची आण घेऊ, पोरीची तर मघाशीच खोटी घेतली.

अप्पानं चाकाखाली वाकून बघितलं. म्हणला, "नटावरची माती निघालेली हाय. पान्याची ताजी खूण हाय." मग खिशातून एक नट काढून त्यानंच डब्यात टाकला. "सहावा. हा तुझा न्हाई असं म्हणतोस. मग कुणाचा ते बघ. तुझ्या गाडीला तुला न विचारता ब्रेकला हात लागतो, मला लई भ्या वाटू राहिलंय."

तेव्हा मला जे भ्या वाटलं ते उतारावर बी वाटलं नव्हतं. उतारावर भ्यायला टाईम नव्हता. आता होता. कोण? रात्री गाडी उभी असती ती हदगावला, मेव्हण्याच्या दारात. दुश्मन असायला मी काही पुढारी न्हाई. माझं कुणी काय वाकडं करंल, मीच करून ठेवतो सगळं.

चाकं गार झाली, अप्पानं गाडीतल्या पान्यानं तिन्ही ब्रेक सैल केले, बेतात लावले. माल लातूरला उतरवला. येताना अप्पाला झाडाखाली सोडलं. मी म्हणलं, अप्पा, तुम्ही मेव्हण्याला फोन करून एवढंच सांगा, पंप आपोआप बिघडला होता. अप्पा म्हणला, "खोटं बोलायचं मला भ्या वाटतं. डबा घेऊन जा."

हदगावला दुकानात मेव्हणा एकटाच होता. मी चावी टेबलावर ठेवली. तिच्या बाजूला डबा ठेवला अन् एकेक नट काढून नाव घेत मांडत गेलो. फिल्टर. साबण. स्क्रू. हवा. मागचे ब्रेक. असं करताना माणसाला लाज वाटती, पण अंग हलकं बी व्हतं. म्हणलं, "भाऊ, चोर न्हाई. येडा हाय. डिझेल सोडा, जीव जाता जाता राहिला, अप्पाचा बी अन् माझा बी." उताराचं सगळं सांगितलं. जीपवाल्याचा खांदा सांगितला.

तो वाकून डब्यात बघत होता. सहावा तिथंच होता.

"हा कशाचा?"

मी म्हणलं, पुढचं डावं चाक. हा माझा न्हाई, भाऊ.

मेव्हण्यानं डब्यात हात घातला. नट काढला, माझ्या पाचाच्या वळीत आणून ठेवला. त्याचा हात त्याच्यावरच राहिला.

"त्या रविवारी गाडी उजवीकडं जाते असं वाटलं," तो म्हणला. "डावीकडचा ब्रेक ढिला असंल म्हणून मी आवळला. मलाबी चारच बसलं होतं, दाजी. तुम्ही चोर न्हाई हे मला त्याच दिवशी कळलं."

"मग चावी कामून मागितली?"

"तुम्ही तीन म्हणलात अन् मला तो ब्रेक आठवला. म्हणलं, हे आपल्या हातानं झालं, आता बहिणीचा नवरा मरतोय. तुम्हाला सीटवरून उतरवायचं होतं." बोटानं नट फिरवला. "चूक झाली म्हणायला जीभ रेटंना. चावी द्या म्हणणं सोपं होतं. किती फोन केले तुम्हाला."

मी बत्तीस वर्षं गाडी चालवतो अन् आयुष्यभर हसवतो. त्या टायमाला एवढंच म्हणलं, "भाऊ, मला तर तुम्ही माझी बदनामी करून राहिलात असं वाटलं."

त्यानं चावी माझ्याकडं सरकवली. मी घ्यायच्या आधी म्हणलं, ब्रेकला पुन्हा हात लावणार न्हाई म्हणा. तो म्हणला, तुम्ही म्हणा. दोघंबी म्हणलो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणली, बरं झालं, माझ्या माहेरात बी येडे हायत.

रस्ता रुंद झाला तेव्हा ते लिंबाचं झाड तोडलं. अप्पा पोरीकडं निलंग्याला गेला, भूकंपाच्या वेळी सासरी होती म्हणून ती तेवढी राहिली. तिचं घर स्लॅबचं, म्हणून तो अंगणात झोपतो म्हणतेत. जाताना डबा मलाच दिला. दगड मीच उचलून आणले, सहाच्या सहा, गाडीत ठेवलेत.

गेल्या हप्त्यात गाडी पुन्हा चारावर आली. ह्यावेळी मी मोबाईल बघितला न्हाई. चपला काढून सीटवर बसलो, डबा मांडीवर घेतला. नवीन टायर टाकले होते, एक नट. फिल्टर बदलला होता, दुसरा. मेव्हण्याला फोन केला, त्यानं एक सांगितला, तिसरा. मग बसून राहिलो. इंजन बंद होतं, पत्र्यावर पाय गार लागत होते. डब्यात तीन होते.

म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं म्हणलं, "अजून एक." अन् चाकाला दगड लावायला खाली उतरलो.